पालात्सो बार्बेरिनी : वाडा एकाचा, चित्रे अनेकांची (प्रकल्प नोंदी)

प्रकल्प : रोममधल्या पालात्सो बार्बेरिनीवर ४८ पृष्ठांची मराठी पुस्तिका (१६ पानी तीन फर्मे), ए-३ आकाराचा घडीचा नकाशा आणि १२ थांब्यांचे ध्वनिमार्गदर्शन.

२८ जुलै २०२५

कच्चा खर्डा मोडून पुन्हा मांडायला घेतला. कारण एकच. पहिल्या खर्ड्यात वाड्याचा इतिहास आणि संग्रहालयाचा इतिहास एकाच धाग्यात ओवला होता. त्यामुळे वाचणाऱ्याचा समज असा होतो की बार्बेरिनी घराण्याने वाडा बांधला, चित्रे जमवली आणि पुढे दोन्ही सरकारला दिले. तसे झालेले नाही. वाडा १६२५ पासूनचा आहे, तर राष्ट्रीय संग्रहाची सुरुवात १८८३ मध्ये रोममधल्याच दुसऱ्या वाड्यात, पालात्सो कोर्सिनीत झाली. दोघांची गाठ १९४९ मध्ये पडली.

आता कालपटाला दोन रकाने : वास्तू तांबड्या शाईत, संग्रह निळ्या शाईत. १९४९ च्या आधी हे रंग एकाच ओळीत फक्त तिथेच येतील जिथे एखादी वस्तू खरोखर बार्बेरिनींची होती. हा नियम पुस्तिकाभर पाळायचा आहे.

३१ जुलै

नावांचे लेखन ठरवले. इंग्रजी वळणाने ‘पलाझो’ लिहिण्याची सवय आहे, पण इटालियन उच्चारात तिथे ‘झ’ नाही. तो ध्वनी आपल्या ‘चांगला’, ‘पाच’ यांतल्या दंत्य ‘च’चा आहे, दुहेरी. मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही. तरी ‘पालाच्चो’ लिहिले तर अर्धे वाचक तालव्य ‘च’ म्हणतील (‘चहा’तला), म्हणून ‘पालात्सो’ पक्के. मादेर्नो, बेर्निनी, बोर्रोमिनी (तिघे वाड्याचे वास्तुकार) आणि कोर्तोना (मोठ्या छताचा चित्रकार) ही रूपे सगळीकडे सारखी ठेवायची. खर्ड्यात बोर्रोमिनी तीन प्रकारे लिहिला गेला होता. ध्वनिमुद्रणात तो वेगवेगळा ऐकू आला असता.

‘पियानो नोबिले’ला ‘पहिला मजला’ म्हणायचे नाही. आपल्याकडे कुणी तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतो, कुणी त्याच्या वरच्याला. ‘मुख्य माडी’ हा शब्द घेतला. पाहुण्यांना जिथे बसवायचे, ज्याची उंची सर्वांत जास्त, ती माडी. अर्थ चपखल बसतो.

५ ऑगस्ट

घराण्याचे प्रकरण, पृष्ठे ५ ते ८.

मूळ गाव तस्कनीतले बार्बेरिनो, एल्सा नदीच्या खोऱ्यात. जुने आडनाव ताफानी, म्हणजे गोमाश्या, आणि कुलचिन्हावरही तीन गोमाश्याच. घराणे वर आले तेव्हा आडनाव गावावरून बार्बेरिनी झाले आणि गोमाश्यांच्या मधमाश्या झाल्या. रोममध्ये बेर्निनीच्या कारंज्यांपासून छतापर्यंत ज्या तीन मधमाश्या दिसतात त्या याच. खर्ड्यात हा मजकूर तळटीपेत होता, तो मुख्य मजकुरात घेतला. मधमाशी ओळखता आली की पाहणाऱ्याला वाड्यात कोणता भाग घराण्याने करवून घेतला हे आपोआप कळते.

१६२३ मध्ये माफ्फेओ बार्बेरिनी आठवा उर्बानो या नावाने पोप झाला. १६२५ मध्ये त्याचा पुतण्या कार्डिनल फ्रान्चेस्को याने क्विरिनाल टेकडीच्या उतारावरची स्फोर्त्सा घराण्याची जागा, तिथल्या वास्तूसकट, विकत घेतली आणि पुढच्या वर्षी भाऊ तादेओला दिली. तादेओ संसारी, वंश पुढे चालवणारा. धाकटा आंतोनिओ हाही कार्डिनल. एका घरात दोन प्रकारची बिऱ्हाडे, एक धर्मपदावरचे आणि एक कुटुंबवत्सल. वाड्याच्या नकाशाची किल्ली इथेच आहे.

११ ऑगस्ट

नकाशाचे प्रकरण. मराठी वाचकाला हा भाग सोपा जाणार, कारण त्याला चौसोपी वाडा माहीत आहे.

रोममधला त्या काळचा सरदारी वाडा म्हणजे मधे चौक, चारही बाजूंनी इमारत, रस्त्याकडे बंद भिंत. कार्लो मादेर्नोनेही आधी असाच चौकोनी बंदिस्त आराखडा केला होता. प्रत्यक्षात बांधले ते वेगळे. दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणारा मधला भाग, वरून पाहिले तर रोमन लिपीतल्या एच अक्षरासारखा. चौक नाही. पुढे मोकळे अंगण, मागे बाग. शहरातला वाडा आणि शहराबाहेरचा बागबंगला या दोन्ही जातींचा मिलाफ. उत्तरेकडची बाजू जुन्या स्फोर्त्सा वास्तूला धरून उठवली. ती तादेओच्या कुटुंबाची, दक्षिणेकडची कार्डिनल फ्रान्चेस्कोची, मधले मोठे दालन दोघांचे सामाईक.

काम १६२७ च्या सुमाराला सुरू झाले. मादेर्नो जानेवारी १६२९ मध्ये वारला. कामाची सूत्रे तिशीतल्या बेर्निनीकडे आली. मादेर्नोच्या हाताखालचा, त्याचा नातेवाईक बोर्रोमिनी तिथे आधीपासून होता आणि काही काळ बेर्निनीच्या हाताखाली राहिला. १६३३ पर्यंत इमारतीचा मुख्य भाग उभा झाला. ‘बेर्निनीचा वाडा’ असे एका वाक्यात म्हणायचे नाही. आराखड्याचा गाभा मादेर्नोचा आहे आणि ते श्रेय त्याला मिळालेच पाहिजे.

दर्शनी भागासाठी आकृती हवी : सात गाळे, एकावर एक तीन कमानरांगा, खाली डोरिक, मधे आयोनिक, वर कोरिंथियन (या खांबांच्या तीन अभिजात शैली). सर्वांत वरच्या रांगेतल्या खिडक्यांच्या कमानी आतून तिरप्या छाटल्या आहेत, त्यामुळे खिडकी आहे त्याहून खोल वाटते. छायाचित्र अगदी समोरून आणि दुपारी घेतले तर ही खोली सपाट होते. तिरप्या उन्हातले चित्र वापरायचे.

१४ ऑगस्ट

जिन्यांच्या आकृतीत चूक सापडली, तीही मोठी.

दर्शनी भागाकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला चौकोनी जिना, तो बेर्निनीच्या नावावर. उजव्या हाताला गोल फिरत जाणारा बोर्रोमिनीचा जिना, जोडखांबांवर उचललेला. खर्ड्यात डावे-उजवे उलटले होते, कारण एकाने बागेकडून पाहून लिहिले आणि दुसऱ्याने रस्त्याकडून. आता प्रत्येक ठिकाणी ‘क्वात्रो फोंताने रस्त्याकडून येताना’ हे शब्द घालायचे.

दुसरी चूक जास्त गंभीर. बोर्रोमिनीचा जिना आकृतीत वर्तुळ काढला होता. तो लांबट आहे. खालून वर कॅमेरा धरून काढलेल्या चित्रांत रुंद भिंगामुळे तो गोल भासतो, म्हणून ही चूक सगळीकडे पसरते. आकृती संगणकातल्या लंबवर्तुळाच्या साधनानेही काढायची नाही. त्या काळचे कारागीर लांबट गोल कंपासाने, चार केंद्रांतून काढत. सोळाव्या शतकातला वास्तुकार सेर्लिओ याच्या पुस्तकात दिलेली रीत आपल्या ढोबळ आकृतीला पुरेशी आहे :

आडव्या रेषेवर २० मिमी अंतरावर दोन बिंदू घ्या. दोन्हींवर २० मिमी त्रिज्येची वर्तुळे काढा. ती वर आणि खाली जिथे छेदतात ते आणखी दोन बिंदू. वरच्या छेदबिंदूवर कंपास ठेवून ४० मिमी त्रिज्येने खालचा कंस, खालच्या छेदबिंदूवरून वरचा. लांबी बरोबर ६० मिमी येते, रुंदी ४५.४ मिमी. लहान आणि मोठा कंस जिथे जुळतात तिथे ठेच दिसता कामा नये. दिसली तर केंद्र सरकले आहे. ही जिन्याची मोजणी नव्हे, आकार कसा बांधला जातो हे दाखवणारी आकृती आहे, असे खाली स्पष्ट छापायचे.

२३ ऑगस्ट

मोठ्या दालनाचे छत. पुस्तिकेतली सर्वाधिक जागा याला, पृष्ठे १७ ते २५.

पिएत्रो दा कोर्तोना, १६३२ ते १६३९. विषय ईश्वरी योजनेचा विजय, मांडणी कवी फ्रान्चेस्को ब्राच्चोलिनीची. क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरहून जास्त. मधेच १६३७ मध्ये कोर्तोना फ्लोरेन्सला पित्ती वाड्यात रंगवायला गेला होता, म्हणून सात वर्षे सलग धरायची नाहीत.

पाहणाऱ्याला आधी काय सांगायचे? चौकट. छतावर दगडी वाटणारी जाड चौकट आहे, तिने छताचे पाच भाग केले आहेत, तिच्यावर शिल्पे आहेत, कोपऱ्यांत काशाची अष्टकोनी पदके आहेत. यातले काहीही दगडाचे वा काशाचे नाही, सगळा रंग आहे. आणि ती चौकट रंगवून झाल्यावर कोर्तोनाने तिच्यावरून माणसे बाहेर सांडू दिली. ढग चौकटीच्या पुढे येतात, राक्षस चौकटीखाली कोसळतात. म्हणून हे छत मोठे आहे. नुसते आकाश रंगवले असते तर ते भोक वाटले असते. चौकट मोडल्यामुळे आकाश दालनात उतरते.

मधल्या भागात ईश्वरी योजना ढगांवर बसली आहे. तिच्या खुणेवरून अमरता ताऱ्यांचा मुकुट पुढे नेते आहे. मुकुट जातो कुणाकडे? तीन प्रचंड मधमाश्यांकडे. वर दोन, खाली एक, कुलचिन्हात असतात तशा. भोवती लॉरेलची माळ, ती श्रद्धा, आशा आणि दया यांनी धरलेली. वर पोपचा मुकुट आणि किल्ल्या. माणूस म्हणून पोप छतावर कुठेही नाही. फक्त त्याचे कीटक आहेत. कडेच्या चार भागांत ग्रीक-रोमन पुराणकथांतली दृश्ये : मिनर्व्हा आणि राक्षस, हर्क्युलीस आणि हार्पी, सिलेनसचा धुंद मेळा, आणि यानुसचे देऊळ व शेजारी व्हल्कनची भट्टी. या चारांना प्रत्येकी अर्धे पृष्ठ बस्स. मधला भाग मात्र पूर्ण दोन पानी.

तंत्राची चौकट (पृष्ठ २४), मजकूर पक्का :

ओल्या गिलाव्यावरचे चित्र असे होते. कळीचा चुना पाण्यात विरवून महिनोन्‌महिने मुरवतात. भिंतीवर जाड वाळूचा खरबरीत थर, साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. तो सुकल्यावर बारीक वाळूचा पातळ थर, एकास दोन, आणि हा फक्त त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच जागेवर. या तुकड्याला इटालियनमध्ये ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे एका दिवसाचे काम. रंग नुसत्या पाण्यात कालवलेला, डिंक नाही, अंडे नाही. गिलावा सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकतात. मोजके तास मिळतात. उशीर झाला तर चुना रंग धरत नाही, रंग भुकटीसारखा वर राहतो. म्हणून संध्याकाळी न रंगवलेला गिलावा कडेने तिरपा कापून काढून टाकतात. सांधा आकृतीच्या कडेवर पाडतात, म्हणजे तो डोळ्यात येत नाही. काही रंग, विशेषतः काही निळे, चुन्यात टिकत नाहीत. ते सुकल्यावर चिकटद्रव्यात कालवून लावतात, आणि पुढे पोपडे सर्वांत आधी त्यांचेच निघतात.

सपाट भिंतीपेक्षा कमानी छतावर हे दुप्पट अवघड. गिलावा डोक्यावर टिकवायचा, चित्रकार परांचीवर, प्रेक्षक कितीतरी खाली. परांचीवरून नाकासमोर जे बरोबर दिसते ते खालून आखूड दिसते. हिशेब खालच्या डोळ्याचा धरावा लागतो.

२६ ऑगस्ट

कालच्या मजकुरात ‘अजिंठ्यासारखेच फ्रेस्को’ (म्हणजे ओल्या गिलाव्यावरचे चित्र) असे वाक्य शिरले होते, काढले. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, सुकलेल्या पृष्ठभागावर, चिकटद्रव्यात कालवलेल्या रंगांनी केलेली आहेत. रीत निराळी. मराठीत दोन्हीला ‘भित्तिचित्र’ म्हणतात, त्यात चूक नाही, पण पुस्तिकेत ‘ओल्या गिलाव्यावरचे’ हे विशेषण सोडायचे नाही.

३० ऑगस्ट

आंद्रेआ साक्की या चित्रकाराचे छत, ‘ईश्वरी प्रज्ञा’, कोर्तोनाच्या आधीचे, १६२९ मध्ये सुरू. सिंहासनावर प्रज्ञा, भोवती तिचे अकरा गुण मानवी रूपात, मागे सूर्य, पृथ्वी बाजूला. मोजक्या आकृत्या, शांत मांडणी. पुढे रोमच्या चित्रकारांच्या अकादमीत साक्की आणि कोर्तोना यांचा वाद झाला : चित्रात माणसे किती असावीत? साक्की म्हणे थोडी, म्हणजे प्रत्येकाला अर्थ राहतो. कोर्तोना म्हणे भरपूर, महाकाव्यात असतात तशी. दोघांचीही बाजू एकाच वाड्यात, काही पावलांच्या अंतरावर, छतावर लिहिलेली आहे. ध्वनिमार्गदर्शनात साक्की आधी, कोर्तोना नंतर. क्रम उलटला तर साक्की फिका वाटतो आणि तो अन्याय आहे.

समासातली नोंद : गॅलिलिओवरचा खटला १६३३, याच पोपच्या कारकिर्दीत.

समासातली दुसरी नोंद, गोव्यासाठी : दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रु, गोव्यात पाद्रीपद मिळेना म्हणून रोमला गेला. वाडा विकत घेतला त्याच १६२५ मध्ये तो तिथे पोचला. १६३७ मध्ये त्याला बिशप करून आदिलशाही मुलखासाठी नेमले. कोर्तोनाचे छत तेव्हा अजून पुरे व्हायचे होते. वाड्याशी त्याचा संबंध जोडायचा नाही, कालपटाच्या कडेला एक ओळ एवढेच. पण ती ओळ हवीच. १६३० च्या दशकातले रोम आपल्यापासून वाटते तितके लांब नव्हते.

८ सप्टेंबर

१६४४ ते १९४९, तीन पृष्ठांत. उर्बानो १६४४ मध्ये वारला. पुढचा पोप दहावा इन्नोचेन्त्सो, पाम्फिली घराण्याचा. पैशांचे हिशेब मागितले गेले, तिघे पुतणे फ्रान्सला गेले, तादेओ १६४७ मध्ये पॅरिसला वारला. १६५३ मध्ये सोयरीक जुळवून समेट झाला. १६५६ मध्ये स्वीडनची राणी क्रिस्तीना हिच्यासाठी वाड्याच्या अंगणात रात्रीच्या उजेडात घोडेस्वारांचा मोठा खेळ झाला. १७२८ मध्ये घराण्याची शेवटची वारस कोर्नेलिया कोस्तान्त्सा हिचे लग्न कोलोन्ना घराण्यात. वरच्या मजल्यावरची नाजूक नक्षीची दालने तिच्या वेळची, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. वाड्याचे हे सर्वांत घरगुती अंग आहे. लोक थकून तिथे पोचत नाहीत, म्हणून नकाशावर ते ठळक करायचे.

ग्रंथसंग्रह १९०२ मध्ये व्हॅटिकनने घेतला. १९३० च्या दशकात वाड्याचा एक भाग लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबला भाड्याने गेला. १९४९ मध्ये सरकारने वाडा विकत घेतला, १९५३ मध्ये संग्रहालय उघडले, पण क्लब पुढेही अनेक दशके आत राहिला. पूर्ण वाडा एकदम मिळाला नाही, दालने टप्प्याटप्प्याने हाती आली. २०११ मध्ये नव्याने मांडलेली दालने खुली झाली. जुन्या प्रवासपुस्तकांत ‘काही खोल्यांचे लहान संग्रहालय’ असे वर्णन दिसते ते यामुळे.

१५ सप्टेंबर

संग्रहाचे प्रकरण. २८ जुलैचा नियम इथे कसोटीला लागला.

प्रत्येक चित्राला तीन खुणांपैकी एक : भरीव ठिपका, म्हणजे बार्बेरिनींचे होते आणि इथेच आहे. पोकळ ठिपका, म्हणजे दुसरीकडून आले. बाण, म्हणजे बार्बेरिनींचे होते, आता दुसरीकडे.

पहिल्या खर्ड्यात चित्रकार काराव्हाज्जोच्या ‘ज्युडिथ’ला भरीव ठिपका होता. साफ चूक. ते चित्र ओत्ताव्हिओ कोस्ता या जिनोव्हाच्या सावकाराचे. विसाव्या शतकाच्या मध्यात ते पुन्हा उजेडात आले आणि सरकारने १९७१ मध्ये विकत घेतले. ‘नार्सिसस’ १९१६ मधली देणगी. फिलिप्पो लिप्पीची १४३७ सालची मादोन्ना तार्क्विनियात सापडली, १९१७ मध्ये. तिन्ही पोकळ. मूळ संग्रह कोर्सिनींचा, १८८३ मध्ये राष्ट्राला दिलेला, त्यात पुढे इतर घराण्यांची भर पडली.

बाणांची यादी वाचताना जीव हळहळतो. १९३४ च्या कायद्याने घराण्याच्या मालमत्तेवरचे वारसाबंधन सैल झाले आणि विक्रीला वाट मिळाली. ड्यूररचा ‘पंडितांमध्ये ख्रिस्त’ आणि काराव्हाज्जोची ‘संत कॅथरीन’ : माद्रिद, थिसेन संग्रह. कार्डिनल फ्रान्चेस्कोने स्वतः चित्रकार पुस्सँकडून करवून घेतलेला ‘जर्मानिकसचा मृत्यू’ : मिनिआपोलिस, १९५८. वाडा सरकारी झाल्यानंतरची ही तारीख आहे. वाडा विकत घेतला म्हणजे आतले सगळे वाचले असे नव्हे. त्याही आधी गेलेले : काचेचे पोर्टलँड पात्र, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. झोपलेल्या फॉनचा (पुराणकथेतल्या वनदेवाचा) पुतळा, १८२० पासून म्युनिकला. काराव्हाज्जोचे ‘पत्तेबाज’ १६२८ मध्ये कार्डिनल आंतोनिओने घेतले होते, वाटणीत कोलोन्ना शाखेकडे गेले, नंतर दिसेनासे झाले. १९८७ पासून टेक्सासातल्या किंबेल संग्रहालयात.

२२ सप्टेंबर

भरीव ठिपक्याचे मुख्य उदाहरण राफाएलची ‘फोर्नारिना’. सतराव्या शतकाच्या मध्यापासून बार्बेरिनींच्या याद्यांत आहे. लाकडी फळी, उंची ८५ सेंटिमीटरच्या आसपास. थांब्यावर दोन पावले पुढे जाऊन डाव्या दंडाकडे पाहायला सांगायचे : निळी पट्टी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘उर्बिनोचा राफाएल’. सही कोपऱ्यात नाही, कागदावर नाही, तिच्या अंगावर, वाकीसारखी घट्ट. डोक्याच्या फडक्याला एकच मोती, आणि मागे दाट पानांचा पडदा, त्यामुळे कातडीचा उजेड पुढे येतो. ती कोण, याच्या दंतकथा दोन वाक्यांत आटपायच्या. दंडावरची अक्षरे महत्त्वाची.

१ ऑक्टोबर

नकाशावरचे दालन-क्रमांक काढून टाकले. चित्रांची मांडणी बदलते, चित्रे उसनी जातात, क्रमांकही बदलतात. छपाईनंतर सहा महिन्यांत नकाशा खोटा पडतो. त्याऐवजी खुणा छतांच्या घेतल्या. छत हलत नाही. ‘कोर्तोनाच्या छताखालून पुढे’, ‘साक्कीच्या छताशी वळा’ असे लिहिले की रस्ता चुकत नाही. बारापैकी सात थांबे वास्तूचे, पाच चित्रांचे. चित्रांच्या थांब्याला पर्यायी मजकूर मुद्रित करायचा, चित्र जागेवर नसेल तर तो ऐकावा.

९ ऑक्टोबर

ध्वनीच्या संहिता वाचून मोजल्या. थांब्याला १८० शब्दांची मर्यादा ठेवली होती, छताच्या थांब्याला ती ३४० वर गेली. कापायची नाही, दोन भाग करायचे : पहिला उभे राहून ऐकायचा, दुसरा बसून. मान वर करून तीन मिनिटांपेक्षा जास्त कुणी पाहू शकत नाही.

बाणांच्या पानावर शेवटची दुरुस्ती. मार्च ते जुलै २०२५ या काळात वाड्यात काराव्हाज्जोचे मोठे प्रदर्शन झाले, त्यात ‘पत्तेबाज’ आणि ‘संत कॅथरीन’ दोन्ही तात्पुरती परत आली होती. दोन्हींच्या बाणाला उलट दिशेचे बारीक टोक जोडले आणि शेजारी ‘२०२५’ छापले. फर्मा तिसरा, पृष्ठ ४१, निळी शाई. तांबडी नको.